नागपूरच्या थंडीत बी घरात रुजवावं का?

खामल्याचा_गच्चीवाला · १४ डिसेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

यंदा गच्चीवर उन्हाळी भाजी करायचं मनावर घेतलंय. टोमॅटो, वांगी, मिरची, आणि जमलीच तर ढोबळी. आई म्हणते संक्रांत होऊ दे, मग टाक बी. यूट्यूबवर बघावं तर जो तो आत्तापासूनच घरात दिव्याखाली, गरम गादीवर ट्रे मांडून बसलाय. पण ते सगळे बर्फातले लोक. आपल्याकडे दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. रात्री मात्र पारा दहा-अकरावर येतो, आणि बी टाकलेल्या मिरचीच्या कुंडीत मातीशिवाय काही दिसत नाही.

तर प्रश्न असा की नागपुरात हे घरात रुजवण्याचं खटलं करण्यात अर्थ आहे का, की हा नुसता शहरी चोचला?

ढेमसे_प्रेमी · रात्री ९:५२

चोचला. बी टाकायचं, पाणी द्यायचं, विसरून जायचं. उगवलं तर आपलं, नाही तर चिमण्यांचं.

अवंती_धरमपेठ · रात्री १०:१५

ढेमसेभाऊ, तुमच्या पद्धतीने चिमण्या गुटगुटीत होतात, एवढं नक्की.

गच्चीवाले, तुमची मिरची मेलेली नाही, ती झोपलेली आहे. बीला बाहेरची हवा किती गार याच्याशी देणंघेणं नसतं, माती किती गरम आहे ते लागतं. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांच्या मातीत आठवडा-दीड आठवड्यात वर येतं. तेच माती १५ अंशांवर असेल तर तीन आठवडे, कधी त्याहून जास्त. टोमॅटो थोडा सोशिक, तरी १५ अंशांत त्यालाही दोन आठवडे लागतात. वांगं मिरचीच्याच जातीचं, ऊब मागणारं. एवढे दिवस बी ओल्या गार मातीत पडून राहिलं की निम्मं कुजतं, आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो.

म्हणून रुजेपर्यंत घरात ठेवण्यात चोचला काही नाही. पुढचं महिनाभर घरातच ठेवायचं की नाही, हा वेगळा प्रश्न.

सावजी_रस्सा · रात्री १०:२१

आमच्या घरी सगळ्यात उबदार जागा फ्रिजच्या डोक्यावर. तिथे आधीच विरजणाचं भांडं, औषधांचा डबा आणि बायकोचा मोबाइल चार्जर आहे. आता त्यात वांग्याचा ट्रे ठेवला तर मलाच बाहेर रुजवतील.

अवंती_धरमपेठ · रात्री १०:३०

@सावजी_रस्सा, ट्रे ठेवायची गरजच नाही. मटकीला मोड आणता तसंच करा. टिश्यू पेपर ओला करून पिळायचा, त्यावर बिया पसरायच्या, घडी घालून झाकणाच्या डब्यात ठेवायची. डबा विरजणाच्या शेजारी सहज मावतो. पांढरं मूळ अर्धा सेंटिमीटर दिसलं की चिमट्याने अलगद उचलून मातीत. मूळ लांब होऊ दिलं तर ते कागदात शिरतं आणि सोडवताना तुटतं, म्हणून रोज उघडून बघायचं. बघताना हवाही लागते, तीही हवीच.

काटोलचा_शेतकरी · १५ डिसेंबर, सकाळी ६:१०

राम राम. चोचला म्हणा का काही म्हणा, शेतकरी हे आधीपासून करून राहिला. उन्हाळी टमाटर, वांगी यांचं बी डिसेंबर-जानेवारीत गादीवाफ्यावर (मातीच्या उंच वाफ्यावर) टाकतात अन् जानेवारी-फेब्रुवारीत लावणी. थंडी जास्त असली तर वाफ्यावर बांबूच्या कामट्या वाकवून वरून पातळ प्लॅस्टिक. दिवसा दोन्ही टोकं उघडायची, सांजच्याला बंद करायची. दिवसाची ऊब रात्री मातीत टिकते. लाइट नाही, गादी नाही.

तुमच्या आईला सांगा, टमाटर-वांग्यासाठी संक्रांत उशीर होते. काकडी, दोडके, कारलं संक्रांतीनंतर टाकलं तर चालते.

आमच्याकडे डांगरवाडी (नदीतली खरबुजाची वाडी) लावणारे लोक डांगराचं बी भिजवून ओल्या फडक्यात बांधतात अन् गवतात दाबून ठेवतात. मोड दिसला का नदीच्या वाळूत खड्डे करून, शेणखत भरून, त्यात टोबतात. त्यांनी कुठं यूट्यूब पाहिलं?

खामल्याचा_गच्चीवाला · सकाळी ८:०५

दादा, आईला वाचून दाखवलं. "काटोलचे आहेत तर त्यांना बरोबर माहीत असेल" असं म्हणाली. माझ्या शब्दाला घरात ही किंमत आहे.

मिनेसोटातली_नागपूरकर · सकाळी ८:४४

इथे रात्र आहे, बाहेर उणे चौदा, म्हणून मला बोलायला भरपूर वेळ आहे.

मी मूळची बजाजनगरची, गेली बरीच वर्षं मिनियापोलिसला. यूट्यूबवरचे ते बर्फातले लोक म्हणजे आम्हीच. आमच्याकडे घरात रुजवणं ही हौस नाही, नाइलाज आहे. शेवटचं दहिवर (गोठलेलं दव) साधारण मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पडतं आणि सप्टेंबर संपता संपता पुन्हा सुरू होतं. मिरचीला लावल्यापासून फळ धरायला अडीच-तीन महिने लागतात. बाहेर बी टाकून बसलं तर हातात एक मिरची येईल आणि तिच्यावर बर्फ पडेल. म्हणून आम्ही उलटं मोजतो. मेच्या मध्यात लावणी, तर टोमॅटो त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी, मिरची आठ ते दहा आठवडे आधी. कांद्याचं बी तर फेब्रुवारीतच ट्रेमध्ये जातं. (डिसेंबरात मिरची लावणारे यूट्यूबवाले एक तर उत्साही असतात, नाही तर दिवे विकत असतात.)

नागपूरलाही उलटंच मोजायचं, फक्त दुसऱ्या टोकाकडून. आमचा शत्रू मेमधलं दहिवर, तुमचा शत्रू एप्रिल. टोमॅटोचं फूल दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्री पंचविशीच्या वर पारा राहिला की गळायला लागतं, पराग निकामी होतो. झाड हिरवंगार दिसतं, फळ मात्र धरत नाही. नागपुरात मार्च अर्धा सरला की दुपारी पस्तीस ओलांडलेली असते, आणि एप्रिलमध्ये रात्रीही निवत नाहीत. म्हणजे फुलं फेब्रुवारी संपताना आणि मार्चच्या सुरुवातीला यायला हवीत. तिथून मागे मोजत आलात की बी आत्ता, डिसेंबरातच पडायला हवं. थंडीपासून बी वाचवायचं म्हणून तुम्ही ते घरात घेत नाही आहात, उन्हाळ्याच्या आधी तीन आठवडे पदरात पाडून घेत आहात.

दिव्याचं म्हणाल तर तो आम्हाला लागतो. आमचा डिसेंबरातला दिवस पावणेनऊ तासांचा, तोही राखाडी. तुमच्याकडे पावणेअकरा तास आणि कोरडं लख्ख ऊन. ते ऊन सोडून दिव्याखाली रोप वाढवायचं म्हणजे विहिरीकाठी राहून बाटलीबंद पाणी घ्यायचं.

ढेमसे_प्रेमी · सकाळी ९:०१

उणे चौदात फोरमवर येणाऱ्या बाईंना दंडवत. मी "चोचला" मागे घेतो. अर्धा.

जुना_कूलर · सकाळी ११:३०

माझं नाव बघून कळलंच असेल. नागपुरात प्रत्येक घरी एक तयार बी-रुजवण्याची पेटी आहे आणि ती सध्या बाल्कनीत जुनी चादर पांघरून बसलीय.

लोखंडी बॉडीचा मोठा कूलर घ्या. तिन्ही बाजूंची गवताची पॅनेलं काढा (मार्चमध्ये नाही तरी नवीनच घालायची आहेत). त्या जागी पारदर्शक प्लॅस्टिक ताणून क्लिपा लावा. टाकी कोरडी करून पुसा, आत दोन विटा, विटांवर फळी, फळीवर ट्रे. कूलर दक्षिणेकडे तोंड करून उन्हात. रात्रीसाठी आत एक चाळीस वॉटचा जुना पिवळा बल्ब, ट्रेच्या खाली. एलईडी ऊब देत नाही, तो इथे कामाचा नाही. माझ्याकडे बाहेर १० असताना आत १९-२० राहतं.

दोन गोष्टी पाळा. कूलरची मूळ वायर, पंप, पंखा काहीही जोडायचं नाही, बल्बला वेगळी वायर. आणि बल्ब प्लॅस्टिकपासून वीतभर तरी लांब. दुपारी एक बाजू उघडी ठेवायची, नाही तर आत चाळीस होतं आणि आधी थंडीने न मेलेलं बी शिजून मरतं.

सावजी_रस्सा · सकाळी ११:४२

कूलरमध्ये वांगी! आता हे घरी सांगतो. फ्रिज तरी सुटला.

पोपटाच्या_शेंगा · दुपारी १:१८

प्रश्न मूलभूत आहे, रागावू नका. इतकं सगळं कशासाठी? रोपवाटिकेत तयार रोपं मिळतात, एका प्लेट तर्री-पोह्याच्या पैशात गच्चीपुरती टोमॅटोची रोपं येतात. महाराजबागेकडे गेलं, घेऊन आलं, लावलं.

अवंती_धरमपेठ · दुपारी २:०५

रागावायचं काय त्यात? फक्त टोमॅटो खायचे असतील तर तुमचंच बरोबर. पण रोपवाटिकेत जात कुठली हे विचारलं की "हायब्रीड आहे, मस्त येते" एवढंच उत्तर मिळतं. मला भिवापुरी मिरची हवी असते. आपल्याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची, आणि शहरात तिचं रोप मागितलं तर लोक तोंडाकडे बघतात. मावशीच्या गावचं भरताचं वांगंही तसंच. ते बी पुडीतून येतं, रोप कुणी विकत नाही.

काटोलचा_शेतकरी · दुपारी २:३०

ताईचं खरं आहे. अन् एक सांगतो, बाजारच्या टमाटराचं बी काढून टाकू नका. बहुतेक हायब्रीड राहते, पुढच्या पिढीत फळ कसं येईल सांगता येत नाही. बेंगळुरूच्या बागवानी संस्थेचं अर्का रक्षक पाहा, तीन रोगांना टिकते, पण तेही हायब्रीड, दरसाल बी घ्यावं लागते. घरचं बी धरायचं असेल तर पुसा रुबी.

खामल्याचा_गच्चीवाला · १८ डिसेंबर, रात्री ८:२०

अपडेट. टिश्यू पेपरात टोमॅटोने मूळ काढलं! इन्व्हर्टरच्या वर ठेवला होता डबा. मिरची अजून ढिम्म. माती कुठली घेऊ? गच्चीत शेतातून आणलेली काळी माती आहे पोतंभर.

जुना_कूलर · रात्री ८:३८

काळी माती ट्रेमध्ये नको, हात जोडतो. ओली असली की चिखल, वाळली की वर पापडी धरते आणि भेगा पडतात, त्यात नाजूक रोपाची मान मोडते. मोठ्या कुंडीत मिसळायला ती उत्तम.

ट्रेला तीन भाग कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवून झाल्यावर दोन-तीनदा धुऊन पिळा, स्वस्त विटांमध्ये खार असतो आणि रोपांच्या पानांच्या कडा जळतात. मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघाला की ओल बरोबर. धार लागली तर जास्त.

मिनेसोटातली_नागपूरकर · रात्री ९:१०

आणि कोंब वर दिसला त्याच दिवशी इन्व्हर्टरवरून उतरवा! ऊब रुजण्यापुरती. रुजल्यावर त्याला उजेड हवा आणि थोडा गारवाच मानवतो. गरम आणि अंधारी जागा मिळाली की दोन दिवसांत रोप उंच, पांढुरकं, दोऱ्यासारखं होतं आणि आडवं पडतं. खिडकीच्या आतही तेच होतं, फक्त सावकाश. सकाळी सात-साडेसातला बाहेर उन्हात, संध्याकाळी पाचला आत.

उशिरा येणाऱ्या मिरचीच्या डोक्यावर कधी बीचं टरफल टोपीसारखं अडकून बसतं, दोन्ही पानं आत दुमडलेली. ते नखाने ओढू नका, पानंच निघून येतात. बोट ओलं करून टरफलावर पाण्याचा थेंब ठेवा, वरून वाटी झाका. सकाळपर्यंत टोपी बहुधा स्वतःच उतरते.

ढेमसे_प्रेमी · रात्री ९:२५

इन्व्हर्टरवरून आठवलं. २०१८ च्या डिसेंबरातली ती रात्र कुणाला आठवते का? पारा साडेतीनवर गेला होता. आमच्या गल्लीत शेकोटीसाठी लोकांनी जुनी खिडकी जाळली.

पोपटाच्या_शेंगा · रात्री ९:३१

आणि हेच गाव मे २०१३ मध्ये ४७.९. एकाच गावात जवळजवळ साडेचव्वेचाळीस अंशांचा फरक, आपण नागपूरकर म्हणजे काय चीज आहोत!

सावजी_रस्सा · रात्री ९:३४

४७.९ कशाला, २०२४ च्या मेअखेर आपण ५६ नाही का गाठले? देशभर बातमी झाली.

पोपटाच्या_शेंगा · रात्री ९:३६

तो सेन्सर बिघडलेला निघाला हो.

सावजी_रस्सा · रात्री ९:३७

सेन्सर नागपूरचाच होता. थोडं वाढवून सांगणारच.

अवंती_धरमपेठ · रात्री ९:५०

मंडळी, धाग्यावर या.

एक राहिलं. गाजर, मुळा, बीट हे ट्रेमध्ये अजिबात लावू नका, मूळ हलवलं की गाजराला दोन पाय फुटतात. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), मटार यांना थंडीच आवडते, ते थेट कुंडीत. भेंडी आणि बरबटीही (चवळी) जागेवरच, पण फेब्रुवारीत माती तापल्यावर. घरात रुजवायचं ते फक्त टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी. काकडी-दोडक्याचा वेल लवकर हवा असेल तर कागदी कपात, आणि लावताना कपासकट खड्ड्यात, मुळाला धक्का न लावता.

खामल्याचा_गच्चीवाला · ३ जानेवारी, सकाळी ७:५०

नववर्षाच्या शुभेच्छा, पण इथे सुतक आहे. काल संध्याकाळी टोमॅटोची रोपं ताठ होती, सकाळी एका कोपऱ्यातली सगळी आडवी. मातीला लागून देठ करड्या रंगाचा, चिमटीत धरून पिळल्यासारखा बारीक झालाय. वरची पानं मात्र हिरवीच. कीड दिसत नाही कुठे.

काटोलचा_शेतकरी · सकाळी ८:१५

मर रोग आहे तो. बुरशी. जास्त ओल, कोंदट हवा अन् दाट रोपं, तिन्ही एकत्र आले का होते. पडलेली रोपं वाचत नाहीत, मातीसकट उचलून फेका, बाकीच्या ट्रेपासून लांब. उरलेल्यांचं पाणी आज बंद. ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) पावडर पाण्यात कालवून मातीवर द्या. पुढच्या खेपेला बी टाकायच्या आधीच मिश्रणात कालवायची, तेव्हा खरा उपयोग होते.

मिनेसोटातली_नागपूरकर · सकाळी ८:३३

वरून पाणी घालणं बंद करा. ट्रे परातीत ठेवून परातीत पाणी ओता, अर्ध्या तासात माती खालून ओढून घेते, उरलेलं ओतून टाका. वरचा थर कोरडा राहिला की बुरशीला जागा मिळत नाही. आणि झाकलेलं प्लॅस्टिक अजून असेल तर काढा, ते फक्त रुजेपर्यंत. मी समोर एक छोटा पंखाही लावते, मंद. हवाही खेळते आणि हलून हलून देठ जाड होतो.

जुना_कूलर · सकाळी ८:४०

पंखा! आता कूलर सुरूच करा.

खामल्याचा_गच्चीवाला · २६ जानेवारी, दुपारी १२:१०

कोपरा गेला, बाकी सगळी टिकली. टोमॅटोला चार-पाच खरी पानं (बीच्या पहिल्या जोडीनंतरची) आहेत, वांग्याला तीन. मिरची अखेर आली, अगदी बारकी आहे पण आली. आई सकाळी झेंडावंदनाला जायच्या आधी रोपांना ऊन दाखवून गेली, आता खातं तिच्याकडे वर्ग झालंय.

आता कुंडीत कधी हलवू? आणि पहिला प्रश्न उरतोच, पुढच्या वर्षी हे सगळं पुन्हा करावं का?

अवंती_धरमपेठ · दुपारी १२:४०

टोमॅटो-वांगी पुढच्या आठवड्यात हलवा, मिरचीला अजून दोन आठवडे द्या. तुमची रोपं ऊन खाऊन आहेत, पण रात्री बाहेर राहिलेली नाहीत. आधी हफ्ताभर रात्रीही आडोशाला बाहेर ठेवा, पाणी थोडं कमी करा, मग लावा. टोमॅटो खालची दोन पानं खुडून खोल लावा, पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. वांगी-मिरची ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर.

पुढच्या वर्षी? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा आणि मिरची टोमॅटोच्या दोन आठवडे आधी भिजत घाला. तुमचं सगळं ठीक झालं, फक्त मिरची मागे पडली. रुजेपर्यंत घरात, रुजल्यावर गच्चीत, माझं तरी उत्तर एवढंच.

पोपटाच्या_शेंगा · दुपारी १:०२

मी तयार रोपं आणून लावली परवा. मार्चमध्ये कुणाच्या झाडाला आधी टोमॅटो लागतो बघू. हरणारा सांबारवडी खिलवेल.

काटोलचा_शेतकरी · दुपारी १:२०

तुमच्या पैजेत फळाआधी पांढरी माशी जिंकेल, दोघंही सावध राहा. फेब्रुवारीत ऊन वाढलं का ती येते, अन् तिच्यामागून पानं आकसणारा व्हायरस. झाडाला एकदा लागला का औषध नाही, उपटावंच लागते. पिवळे चिकट कार्ड आत्ताच टांगा, झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर. अन् मार्च लागला का हिरवी जाळी, पन्नास टक्के ऊन अडवणारी. पंचाहत्तरची घेऊ नका, फुलाला उजेड कमी पडते.

खामल्याचा_गच्चीवाला · दुपारी १:३३

पिवळे कार्ड कुठे मिळतील दादा? शहरात की काटोललाच यावं लागेल?

जुना_कूलर · दुपारी १:४१

कॉटन मार्केटला बी-खताच्या दुकानात विचारा. नाही मिळालं तर घरी करा, पिवळा पुठ्ठा, वर पारदर्शक पिशवी, पिशवीला एरंडेल. भरलं की फक्त पिशवी बदलायची.

सावजी_रस्सा · दुपारी १:४५

पैज मी पण लावतो. माझी वांगी कूलरमध्ये आहेत आणि बायको म्हणते मार्चला कूलर रिकामा हवा, वांगी असोत नसोत.